सरवट्यांचा समेट

सरवट्यांनी टेबल ढकलून भिंतीला लावलं, दोन खुर्च्या मोकळ्या जागेत समोरासमोर मांडल्या आणि पंखा कमी केला. भांडलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं तर मध्ये टेबल नको, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. टेबल असलं की माणूस त्याच्यावर मूठ आपटतो, आणि एकदा मूठ आपटली की त्याला माघार घेणं जड जातं. पंखा जोरात असला की आवाज चढवावा लागतो, आणि चढलेला आवाज खाली आणायला चहाचे दोन कप खर्ची पडतात. असली बारीकसारीक अक्कल त्यांच्यापाशी भरपूर होती.

अच्युत सरवटे टाऊनशिपचे वेल्फेअर ऑफिसर. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात यंत्रं भली थोरली बनत, पण भांडणं मात्र साधीच होत. नळाची, सुट्टीची, कोण कुणाला काय म्हणालं त्याची. ती मिटवायला पर्सोनेल खात्याने सरवट्यांना धरलं होतं. लोक त्यांना मागून ‘समझौता साहेब’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मूळचे इंदूरचे, त्यामुळे खणात शेवेची पुडी कायम. समेटाच्या कागदावर सह्या झाल्या की पुडी उघडायची आणि एकाच कागदातली शेव दोघांना खायला लावायची, म्हणजे समेट पक्का. निवृत्तीला पाच महिने उरले होते. आपला एकही समेट फसला नाही असं ते सांगत. दोन-तीन फसलेले होते, पण कोण कशाला तोंड उघडतंय!

आजचं प्रकरण मात्र जगावेगळं होतं.

मोठ्या शेडमध्ये छताजवळून चालणारी क्रेन विश्वनाथ उमरेडकर चालवायचा. खाली जमिनीवर उभं राहून, वजनाला साखळ्या बांधून, वर हाताच्या खुणा करायचं काम बाळकृष्ण शितोळेचं. खालच्याने बोट फिरवलं की वरच्याने उचलायचं, मूठ वळली की थांबायचं. दोघं कितीतरी वर्षं एका पाळीत, एका क्रेनवर, आणि गेल्या नऊ वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. कामाचं काही अडलं नव्हतं. उलट शेडमध्ये सगळे म्हणत, अशी जोडी दुसरी नाही. बोलायची सोय नसल्यामुळे दोघं इतकं नीट लक्ष ठेवत, की नव्वद टनांचा नग बशीवर कप ठेवावा तसा अलगद खाली येई.

मग आल्या वॉकी-टॉकी. वरून हुकूम निघाला की जड नग उचलताना खुणांबरोबर तोंडानेही बोलायचं. खालच्याने ‘उचल’ म्हणायचं, वरच्याने ‘उचलतोय’ म्हणायचं, मगच बटण दाबायचं. दोघांनी संच घेतले, छातीला अडकवले, चालू केले, आणि दिवसभर त्यातून नुसती खरखर ऐकू आली. चौथ्या दिवशी सेफ्टीवाल्यांच्या लक्षात आलं. आठव्या दिवशी कागद पर्सोनेल मॅनेजर माथुरसाहेबांच्या टेबलावर.

“आप ही के लोग हैं, सरवटेजी,” माथुरसाहेब म्हणाले होते. “सोमवार को बड़ा नग उठना है. तब तक दोनों बोलने लगें तो ठीक. नहीं तो जोड़ी तोड़ेंगे, और जो जूनियर है वो साउथ की यूनिट में जाएगा.”

ज्युनिअर म्हणजे शितोळे. त्याची बायको मंदाकिनी टाऊनशिपच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होती. घरात ऐंशीला टेकलेली आई, डोळ्यांनी अधू, भिंतीला हात लावत लावत घरभर फिरणारी. हा सगळा संसार उचलून माणसाने दक्षिणेत कुठे जायचं? आज गुरुवार होता.

दोघांना एकदम बोलवायचं नाही, आधी एकेकट्याचं ऐकायचं. सकाळी उमरेडकर आला. नागपूरकडचा, अंगाने आडवा, पन्नाशीला आलेला. हेल्मेट मांडीवर ठेवून बसला.

“बोला उमरेडकर. काय झालं होतं?”

“आता काय बोलू साहेब? सगळ्या लाइनीला माहीत आहे.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

उमरेडकरने हेल्मेट मांडीवर उलटं केलं. मग बोलायला लागला.

“माझा धाकटा भाऊ, अरविंद. मंडीदीपला फॅक्टरीत लागला होता. राहायला जागा नाही. मी म्हटलं, मागची खोली आहे, राह्य. क्वार्टरमध्ये यादीबाहेरचं माणूस ठेवायचं नाही, हे मला माहीत होतं साहेब. पण सख्खा भाऊ. त्याला काय झाडाखाली झोपवू?”

“किती दिवस होता?”

“दहा महिने. कोणाला त्रास नाही, काही नाही. अन् एक दिवस सकाळी सात वाजता इस्टेटवाले आले, दोन गार्ड घेऊन. त्याची गादी उचलून अंगणात फेकली. सगळी लाइन बघून राहिली होती. पोरानं शर्ट घातला, पेटी उचलली, हबीबगंज नाक्यावर जाऊन बस पकडली. पुढं नागपूरलाच निघून गेला. माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही. म्हणतो, ज्या दारातून माझी गादी फेकली, त्या दारात पाय ठेवणार नाही.”

“आणि तुम्हाला वाटतं, शितोळ्यांनी कळवलं.”

“दुसरं कोण? मी ७१४, तो ७१५. मागची खोली त्याच्याच अंगणातून दिसते. मी त्याच संध्याकाळी नळावर गेलो आणि सगळ्यांसमोर त्याला मुखबीर म्हटलं.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाला, मी नाही. बस. एवढंच. खरा असता तर भांडला नसता का?”

“आणि त्याच्याआधी कसं होतं तुमचं?”

“त्याच्याआधी?” उमरेडकर हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागला. “त्याच्याआधी एका डब्यात जेवत होतो साहेब.”

दुपारी शितोळे आला. ग्वाल्हेरचा, उंच, काटकुळा. खुर्चीच्या कडेवर असा बसला की बोलावणं आलं तर लगेच उठता यावं.

“माझी काही शिकायत नाही साहेब.”

“मग बोला की त्यांच्याशी.”

“त्याने म्हणावं, चूक झाली. मग मी दिवसभर बोलतो.”

“त्यांना वाटतं तुम्ही सांगितलंत.”

“मी एकदा म्हटलं, मी नाही. दुसऱ्यांदा कशाला म्हणू? खोटा माणूस दहादा म्हणतो.”

हे बरोबर उलटं झालं होतं. एकाला वाटत होतं खरा माणूस भांडतो, दुसऱ्याला वाटत होतं खरा माणूस एकदाच बोलतो. सरवट्यांनी अशा वेळी काढायचं आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं.

“खरं काय ते देवाला माहीत, शितोळे. आपण सोमवारचं बघू.”

या एका वाक्यावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. मागचं उकरायचं नाही, फायली बघायच्या नाहीत, कोण खरं कोण खोटं यात पडायचं नाही. माणसं दमलेली असतात, त्यांना फक्त निमित्त हवं असतं. ते द्यायचं आणि शेव काढायची. पण शितोळेने मान हलवली.

“देवाला माहीत असून मला काय उपयोग? माझ्या आईला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“नळावर ती उभी होती साहेब. तिच्यादेखत म्हणाला तो. तेव्हापासून सणावाराला, मी एकटा सापडलो की विचारते, बाळू, तू नाही ना रे सांगितलंस? मी म्हणतो, नाही. ती म्हणते, बरं. आणि पुढच्या सणाला पुन्हा विचारते.” तो उठून उभा राहिला. “मला साउथला पाठवायचं तर पाठवा. पण हे डोक्यावर घेऊन मी त्याला आधी हाक मारणार नाही.”

शितोळे गेला. सरवट्यांचा जीव तुटला, हे कबूल केलं पाहिजे. आजवर अनेकांची रडगाणी ऐकली होती, पण स्वतःच्या आईला आपला भरवसा वाटू नये, हे काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

म्हणून शुक्रवारी त्यांनी आपला नेम मोडला आणि क्वार्टरांचं सगळं बघणाऱ्या इस्टेट ऑफिसात गेले. तिथला तिवारी त्यांना बघून चकितच झाला.

“आप और पुरानी फाइल, सरवटेजी? सूरज किधर से निकला?”

त्यांनी क्वार्टर नंबर ७१४ ची फाइल मागितली. तिवारीने ती शोधून, झटकून, त्यांच्या हातात दिली आणि जेवायला गेला. सरवटे खिडकीपाशी बसले. वर नोटिशीची प्रत होती, गादी बाहेर काढल्याचा पंचनामा होता, उमरेडकरचा माफीचा अर्ज होता. तक्रारअर्ज कुठेच नव्हता. निनावी चिठ्ठीही नव्हती. त्यांनी पानं उलटी फिरवली. सगळ्यांत खाली, टाचणी लावलेलं, कारखान्याच्या हिंदी गृहपत्रिकेचं एक पान होतं.

‘मराठी मंडल का गणेशोत्सव सानंद संपन्न’. खाली स्पर्धांचे निकाल. कॅरम, एकेरी, प्रथम: श्री अरविंद उमरेडकर, क्वार्टर क्र. ७१४. नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेला, आणि समासात कुणीतरी लिहिलेलं, ‘इस नाम का कोई सदस्य सूची में नहीं.’

मजकुराच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, छापलेलं होतं: प्रस्तुति, अ. सरवटे.

सरवट्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं. त्या वर्षी ते मंडळाचे सेक्रेटरी होते. निकालात नावांबरोबर क्वार्टर नंबर छापायची कल्पना त्यांचीच. घराचा नंबर छापून आला की लोक अंक जपून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते खरंही होतं, इस्टेटवाल्यांनी नऊ वर्षं जपून ठेवला होता. पोरगा कसा होता तेही त्यांना आठवलं. सडपातळ, अंतिम सामना जिंकल्यावर लाजून मागे मागे होणारा. सरवट्यांनीच त्याला हाताला धरून पुढे आणलं होतं आणि विचारलं होतं, कुठल्या क्वार्टरचा रे तू?

टाचणी काढून त्यांनी ते पान घडी करून खिशात घातलं. तिवारी परत यायच्या आत फाइल जागेवर ठेवली.

संध्याकाळी घरी मेथी निवडता निवडता सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“अग्गोबाई!” त्या म्हणाल्या. मग चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, “मुद्दाम थोडंच केलंत? नऊ वर्षांनी सांगून काय मिळणार आहे? नेहमीचं चेकिंग होतं म्हणून सांगा. कुणी चुगली केली नाही, हे तर खरंच आहे ना?”

“खरंच आहे.”

“मग झालं तर. तुम्हीच म्हणता, खरं काय ते देवाला माहीत. राहू दे की त्याच्याकडेच. पाच महिन्यांसाठी नाव कशाला घालवून घेता?”

सरवट्यांना हे पटलं. पटवून घ्यायला फारसा वेळ लागला नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं, इतकंच.

शनिवारी त्यांनी तीन खुर्च्या मांडल्या. दोघं आले आणि असे बसले की एकाचं तोंड खिडकीकडे, दुसऱ्याचं कॅलेंडरकडे. समेटाचा कागद टाइप करून तयार होता. चहा सांगितलेला होता.

“मी फाइल बघितली,” सरवटे म्हणाले. “तुमच्याविरुद्ध कुणाचीही तक्रार नव्हती, उमरेडकर. इस्टेटचं नेहमीचं चेकिंग होतं.”

उमरेडकर खिडकीकडे बघतच हसला.

“नेहमीचं चेकिंग. चाळीस घरं सोडून माझ्याच घरी. ठीक आहे साहेब. तुम्ही म्हणता तर तसं. आणा कागद, सही करतो. तो उचल म्हणेल, मी उचलतोय म्हणीन. वर बसून तेवढं बोलायला माझं काय जातं?”

झालं. इथवर माणूस आला की समेट झालाच, हे सरवट्यांना अनुभवाने माहीत होतं. मनातून विश्वास बसला नाही तरी चालतो, सही महत्त्वाची. त्यांनी पेनचं टोपण काढलं. पण शितोळे हलला नव्हता.

“साहेब, मी सांगितलं नाही, असं त्या फायलीत लिहिलंय का?”

“नाव कुणाचंच नाहीये, शितोळे.”

“म्हणजे माझं असू पण शकतं.”

“तसं नाही...”

“मग आईला काय सांगू? सरवटेसाहेब म्हणाले, नेहमीचं चेकिंग होतं?” तो हे भांडून म्हणाला नाही. खरंच काय सांगावं असा त्याला प्रश्न पडला होता, आणि उत्तर मिळेल म्हणून तो सरवट्यांकडे बघत होता.

सरवट्यांनी पेनाला टोपण लावलं. उठले, भिंतीला लावलेल्या टेबलापाशी गेले, खण उघडला. शेवेची पुडी बाजूला सारून खाली ठेवलेलं ते गृहपत्रिकेचं पान काढलं आणि उमरेडकरच्या हातात दिलं.

उमरेडकरने बोट लावून वाचलं. भावाचं नाव आल्यावर बोट थांबलं. मग लाल गोलावरून फिरलं, समासातल्या अक्षरांवर गेलं, आणि शेवटी सरकत सरकत खालच्या उजव्या कोपऱ्यात आलं. ते त्याने दोनदा वाचलं. मग सरवट्यांकडे न बघता त्याने पान शेजारच्या खुर्चीकडे धरलं.

“बघ,” तो म्हणाला.

नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द. शितोळेने पान घेतलं, वाचलं.

“हे यांनी लिहिलंय?” त्याने उमरेडकरला विचारलं.

“खाली नाव आहे ना.”

“नाव टाकलं ते टाकलं. क्वार्टर नंबर कशाला टाकायचा?”

“तेच तर.”

“माझ्या हातून झालं,” सरवटे म्हणाले. “मला कालपर्यंत कल्पना नव्हती. मुद्दाम काही...”

“मुद्दाम कशाला कराल साहेब,” शितोळे म्हणाला. “तुम्ही तर लोकांचं भलंच करता.”

उमरेडकर आता पहिल्यांदा त्यांच्याकडे वळला.

“नऊ वर्षं मी याच्या हाताकडे बघितलं साहेब, तोंडाकडे नाही. अन् तुमच्या हातून मात्र दरसाल मंडळात प्रसाद घेतला. आत्ता पाच मिनिटांपूर्वीसुद्धा नेहमीचं चेकिंगच म्हणत होते तुम्ही.”

सरवट्यांनी कागद पुढे केला, पेन पुढे केलं. शितोळेने पेनाकडे बघितलं आणि उमरेडकरला म्हणाला, “तुझ्याकडे आहे?” उमरेडकरने खिशातलं काढून दिलं. त्याच एका पेनाने दोघांनी सह्या केल्या. चहा आला तेव्हा दोघं उठून दारापर्यंत गेले होते. चहावाल्याला वाट द्यायला थांबले, तेव्हा उमरेडकरचं बोलणं सरवट्यांना ऐकू आलं.

“बाळ्या, संध्याकाळी घरी येतो. आईंना मीच सांगतो. नळावर जे बोललो, ते चुकलं होतं म्हणून.”

गळ्यातला रुमाल काढून शितोळेने तोंड पुसलं, आणि दोघं जिना उतरून गेले. शेव तशीच राहिली. सरवट्यांनी तीन खुर्च्या जागेवर ठेवल्या आणि टेबल पुन्हा मध्ये ओढलं.

सोमवारचा नग उचलला गेला. ‘उचल’, ‘उचलतोय’, सगळं हुकुमाप्रमाणे. आठवड्याभरात सेफ्टीवाले पुन्हा माथुरसाहेबांकडे गेले, आता तक्रार अशी की दोघं वॉकी-टॉकीवर गप्पा हाणतात, भाजी काय आणली तेसुद्धा वरून खाली सांगतात. माथुरसाहेब पोट धरून हसले आणि त्यांनी सरवट्यांना कौतुकाचं पत्र दिलं.

बदलीचा विषय मिटला. ७१४ आणि ७१५ मधल्या भिंतीत दोन विटा काढून वाट्या द्यायला-घ्यायला जागा केली, असंही कानावर आलं. बायका पूर्वीपासून चोरून बोलतच होत्या, आता उघड बोलायला लागल्या. नागपूरला पत्र गेलं. अरविंदचं उत्तर काही आलं नाही.

आणि सरवट्यांचं नाव टाऊनशिपभर झालं. कुणी लपवून ठेवलं नव्हतं, त्या दोघांनी तर मुळीच नाही. जो भेटेल त्याला ते सांगत, एकाने गोष्ट सुरू करायची आणि दुसऱ्याने पुरी करायची. टी. टी. नगरच्या बाजारात एका ओळखीच्या बाईंनी सुलभाताईंना भाजीच्या गाड्यापाशी विचारलं, काय हो, ते कॅरमचं खरं का? संक्रांतीला मंडळात दोघं जोडीने आले, सगळ्यांकडून तिळगूळ घेतला, सरवट्यांपाशी आल्यावर दोघांनी हात मागे घेतले आणि पुढे गेले. सरवट्यांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आयुष्यभर लोकांनी रस्ता ओलांडून नमस्कार केला होता त्यांना.

एका रविवारी ते न राहवून ७१४ ला गेले. माफी मागायची, मनापासून, मध्ये कागद नाही, सही नाही. फाटकाची कडी उचलली, तोच मागच्या अंगणातून आवाज आला. उमरेडकर त्यांची नक्कल करत होता. तोच हळू, गोड, इंदुरी आवाज: “खरं काय ते देवाला माहीत, शितोळे. आपण सोमवारचं बघू.” शितोळे ठो ठो हसला. मग एक म्हातारा, फाटका आवाज आला, “मेल्यांनो, पुरे करा, मोठा माणूस आहे तो,” आणि तो आवाजही हसत होता.

सरवट्यांनी कडी तशीच खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवली आणि घरी आले. पुन्हा तिकडे गेले नाहीत.

एकतीस मार्चला दुपारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. माथुरसाहेबांनी भाषणात सांगितलं की सरवटेजींनी या कारखान्यात जेवढे तुटलेले जोड सांधले, तेवढे वेल्डिंग शॉपनेही सांधले नसतील. टाळ्या झाल्या. क्रेनवाली जोडी हॉलमध्ये नव्हती.

समारंभ आटोपून सरवटे आणि सुलभाताई फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. पाळी सुटली होती. सायकली, स्कूटरी, डब्यांचा खणखणाट. त्या गर्दीतून उमरेडकरची स्कूटर आली. मागे शितोळे बसलेला, पुढे वाकून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत असलेला.

“मी थांबवते त्यांना,” सुलभाताई म्हणाल्या. “दोन मिनिटांचं काम. जगाचे समेट केलेत, आपला एक करायला काय झालं?”

“नको.”

“अहो, शेवटचा दिवस आहे तुमचा.”

“म्हणूनच नको.”

स्कूटर जवळ आली. शितोळेचं लक्ष गेलं, त्याने उमरेडकरच्या खांद्यावर टिचकी मारली. दोघांनी एकदम माना फिरवल्या, दोघांनी एकाच बाजूला. उमरेडकर काहीतरी म्हणाला. शितोळे त्यावर काहीतरी म्हणाला. सुलभाताईंनी हाक मारायला हात वर केला, तो सरवट्यांनी धरून खाली घेतला.

“जाऊ दे त्यांना,” ते म्हणाले. “बोलतायत.”